कात्रीनं कापलेलं पाकीट

आमच्या गल्लीत चोर शिरला असता तरी बायकांनी एवढी धास्ती घेतली नसती, जेवढी मास्तरांच्या सायकलची घेतली होती. काळी, उंच दांड्याची, मागच्या कॅरियरला व्हॉलीबॉलची जुनी जाळी बांधलेली सायकल. ती कुणाच्या कंपाउंडला टेकलेली दिसली की समोरच्या घरातली बाई हातातलं काम टाकून खिडकीशी यायची, आणि जिच्या दारात ती उभी, ती आधी गल्लीत कोण कोण बघतंय ते बघायची. ऐकीव सांगत नाही. आमच्याकडं आधी अम्मा डोकावून बघायची आणि मग मी. माझी मोठी बहीण, अक्का, ती तेवढी खुशाल शेंगदाणे सोलत बसायची.

मास्तर दारू सोडवायचं काम करायचे, म्हणून ही धास्ती. शिवाजीनगरच्या बाजारामागं आमची गल्ली, पुण्याच्या नव्हे, इकडं कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या. सगळी मराठी घरं, निम्मी शिंप्यांची. कुठल्याशा फौजेबरोबर आमचे पूर्वज इथं आले आणि परत जायचं विसरले, असं म्हातारे सांगायचे. आमचं मराठी ऐकून माझ्या ऑफिसातली पुण्याची मंडळी हसायची, कारण माझ्या वाक्यात ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ हे कानडी शब्द कधी घुसायचे ते मला कळायचंच नाही. असो. तर गल्लीच्या टोकाला अंबाभवानीचं देऊळ, देवळाला लागून समाजाचा हॉल, आणि हॉलच्या मागं एक खोली, जिथं एरवी लग्नाची भांडी असायची. त्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मास्तरांचा कार्यक्रम असायचा. त्याला दुसरं नाव नव्हतं. ‘कार्यक्रम’ म्हटलं की लोक आवाज खाली घ्यायचे. पाचचीच वेळ का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, “त्याच वेळी पाय दुकानाकडं वळतात. मी फक्त वाटेत उभा राहतो.”

दुकान म्हणजे सारायीचं. आमच्याकडं अरकाला, म्हणजे स्वस्तातल्या देशी दारूला, सारायी म्हणतात. तेव्हा ती प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात मिळायची, आणि बाजारातल्या गटारात ती रिकामी पाकिटं तरंगताना रोज दिसायची. पण आमच्या समाजात कुणी पीत नव्हतं. हे मी नाही म्हणत, समाजाचे अध्यक्ष म्हणायचे. मोठं कापड दुकान होतं त्यांचं, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि एक वाक्य कायम तोंडात: “श्रावणात सगळे सोडतात ना? मग प्रॉब्लेम कुठं आहे?” बायकांचं म्हणणं आणखी वेगळं. कार्यक्रमाला जो जातो त्याचं नाव बदनाम होतं, त्यापेक्षा प्यायलेला बरा, निदान घरात तरी असतो. काहींना वाटायचं तिथं चहातून औषध देतात आणि माणूस नेभळट होतो. माझ्या ऑफिसातले पुण्याचे लोक शनिवारी पबमध्ये जायचे आणि सोमवारी कोण किती प्यायलं ते चवीनं सांगायचे. त्यांच्या बहिणींची लग्नं काही अडली नाहीत. आमच्याकडं मात्र बाप पितो असं नुसतं कुजबुजलं गेलं तरी मुलीचं स्थळ आल्या पावली परत जायचं.

आणि अशा नाजूक कामाला देवानं माणूस निवडला तो ज्याला कुजबुजताच येत नव्हतं. मास्तर सरकारी शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाले होते. आयुष्य मैदानात गेलेलं. त्यांना वाटायचं समोरचा माणूस नेहमी शंभर यार्डांवर उभा आहे. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, उन्हाळा असो की पाऊस. दारात उभं राहून ते विचारायचे, “काय, आज घेतली का?” ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. आता तुम्ही म्हणाल, मग ह्या माणसाला कुणी मारलं कसं नाही. तर तीच त्यांची युक्ती होती. ते हा प्रश्न सगळ्यांना विचारायचे. देवळाच्या पुजाऱ्याला, ज्यानं आयुष्यात तुळशीच्या तीर्थापलीकडं काही घेतलं नव्हतं. अध्यक्षांना, त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. एका नव्वदीच्या म्हातारीला. आणि सायकलही तशीच. आज ह्या दाराला, उद्या त्या दाराला, एकही घर सोडायचे नाहीत. कुठल्या घरात खरंच काम आहे आणि कुठं नुसतीच सायकल उभी आहे, हे कुणाला कळू नये म्हणून. मला ते एकदा म्हणाले होते, “डाग एकाच शर्टावर पडला की डाग. सगळ्यांच्या शर्टावर पडला की डिझाइन. तू शिंप्याची पोर आहेस, तुला कळायला हवं.”

पण गल्ली काय एवढी भोळी असते? लोक लक्ष ठेवायचे. कुणाकडं सायकल किती वेळ थांबली, आतून हसण्याचा आवाज आला की नाही. कुणाच्या दारात आठवड्यात दुसऱ्यांदा दिसली की झालंच. आमच्या दारात ती जरा जास्तच दिसायला लागली होती.

कारण अप्पा प्यायचे. माझे वडील. हे वाक्य लिहितानाही मी दार लावलंय का बघितलं, इतकी ती सवय मुरलेली आहे. अप्पा शिवाजीनगरातल्या एका युनिफॉर्मच्या दुकानात कटर होते. बँडवाल्यांचे कोट, हॉटेलच्या वेटरांचे, वॉचमनचे. जाड कापडाची थप्पी लावायची, खडूची रेघ मारायची आणि कात्री एका दमात शेवटपर्यंत न्यायची. हात हलला की सगळी थप्पी वाया. आधी ते संध्याकाळीच घ्यायचे, गुमान येऊन झोपायचे, कधी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. मग सकाळी हात थरथरायला लागला. तो थांबावा म्हणून दुकानात जायच्या आधी घ्यायला लागले. म्हणजे कापड कापायला दारू आणि दारूनं कापड कापता येईना. हे सगळं घडलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. दवाखान्यातला डॉक्टर अम्माला म्हणाला, “लिव्हर गेल्यातच जमा आहे. सोडली तर माणूस राहील. नाही सोडली तर पुढच्या वेळी इथं आणायची घाईसुद्धा करू नका.” शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं, पित्त झालंय.

आणि अम्माचं एकच पालुपद. “अक्काचं लग्न होऊ दे. मग बघू.” मग बघू, मग बघू. मला ओरडावंसं वाटायचं की अम्मा, मग बघायला अप्पा असायला हवेत ना. पण मी ओरडणारी नव्हेच. मी जन्माची घाबरट. मी ऑफिसात फोन घ्यायचे आणि दर फोनला वाटायचं, घरचाच असणार. घरी आल्यावर आधी अप्पांच्या खोलीत डोकावायचं, छाती वरखाली होतेय का बघायचं, मगच चपला काढायच्या. एका बाजूला अप्पांचा जीव, दुसऱ्या बाजूला अक्काचं स्थळ, आणि आम्ही मध्ये तोंड दाबून बसलेलो.

एकदा सकाळी सायकल टेकली आणि मास्तर ओट्यावर येऊन उभे राहिले. “वहिनी, कॉफी. बाय टू.” हे त्यांचं ठरलेलं. कुणाच्याही घरी गेले तरी आख्खी कॉफी घ्यायचे नाहीत. हॉटेलात दोघं जण एक कॉफी वाटून घेतात तशी बाय टू मागायचे, आणि वाटायला लावायचे घरातल्या पुरुषाला. लोक म्हणायचे, पेन्शनवाला माणूस, चिकटपणा हाडात मुरलाय. मीही तेच समजत होते. अम्मानं भरलेला पेला आणि एक रिकामा पेला आणून ठेवला. मास्तर म्हणाले, “अप्पा, ओता.”

अप्पांनी पेला उचलला. दोन्ही पेल्यांच्या कडा एकमेकींवर वाजायला लागल्या. टणटणटण. कॉफी बोटांवर, धोतरावर, फरशीवर. मास्तर नुसते त्या हाताकडं बघत राहिले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की ही बाय टू कशासाठी असते. अम्माला माझ्याआधी कळलं असावं. तिनं झडप घालून पेला ओढला. “मी ओतते. त्यांना पित्ताचा त्रास आहे, हात भाजेल.” मास्तर कॉफी प्यायले. उठताना त्यांच्या परीनं त्यांनी आवाज अगदी खाली आणला, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांत गेला असेल. “वहिनी, पित्ताच्या माणसांची बैठक रविवारी पाच वाजता असते. मागच्या दारानं पण येता येतं.” ते गेल्यावर अम्मा फरशी पुसत बसली, पुसून झालेली फरशी पुन्हा पुसत राहिली. अप्पा म्हणाले, “हा पुन्हा आला तर दार उघडू नका.” मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेले.

खोलीत काय चालतं ते मी एकदा बघितलं होतं, देवळाच्या बाजूच्या खिडकीतून. पाचसहा माणसं होती. त्यांत आमच्या गल्लीतला एकही नव्हता, सगळे लांबून आलेले, कारण माणूस आपल्या गल्लीतल्या कार्यक्रमाला जात नाही, दुसऱ्याच्या गल्लीतल्याला जातो. मास्तर त्यांना रांगेत उभं करून कवायत करवत होते. हात समोर, एक पाय वर. बिचारे डुलत होते, एकमेकांना धरत होते. मग सगळे खाली बसले आणि एकेक जण बोलला. मास्तर शिट्टी बोटांत फिरवत ऐकत होते. त्या अख्ख्या वेळात ते एक शब्द बोलले नाहीत, आणि हा तोच माणूस ज्याच्यामुळं गल्लीतली तान्ही पोरं दचकून उठायची. मला वाटलं, अप्पा इथं बसले तर ह्या माणसासमोर बोलतील. पण त्यांना इथवर आणणार कोण?

नवरात्राच्या आधी समाजाची सभा असायची. त्या वर्षी विषय होता, मागची खोली रिकामी करून घेणं. हॉल गच्च भरलेला. पुरुष खुर्च्यांवर, बायका बाजूच्या सतरंजीवर. अध्यक्ष उठले. म्हणाले, बाहेरचे लोक आता आपल्याला विचारतात, तुमच्यात दारूचं फार आहे का हो? सोयरिकी मोडताहेत. आपल्या मर्यादेचा प्रश्न आहे. मर्यादे म्हणजे आमच्याकडं इभ्रत. ती गेली की सगळं गेलं. मग ते मास्तरांकडं वळले. “मास्तर, तुम्ही दारोदार फिरता. आज सगळ्यांसमोर सांगा. आपल्या समाजातला पिणारा एक माणूस दाखवा. एक. नाव घ्या. नसेल तर रविवारपासून खोलीला कुलूप.”

अम्मानं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली ती खूण मला आठवडाभर दिसत होती. कारण मास्तरांना नावं माहीत होती. सगळ्यांत ताजं नाव आमचं. अप्पा तिसऱ्या ओळीत मान खाली घालून बसलेले, आणि मला खातरी होती, त्यांच्यासारख्या आणखी चार तरी माना खाली होत्या. मास्तर उभे राहिले. त्यांनी सावकाश सगळ्या ओळींवरून नजर फिरवली, शाळेत हजेरी घेताना फिरवत असतील तशी. मी मनातल्या मनात अंबाभवानीला म्हटलं, ह्यांची वाचा जाऊ दे, आत्ता जाऊ दे.

“मी,” मास्तर म्हणाले.

हॉलचे पत्रे हलले असतील. अध्यक्षांना कळेचना. “तुम्ही काय?”

“मी पिणारा. कित्येक वर्षं प्यायलोय. सारायी.”

मग कुणीतरी मागून म्हणालं, “शाळेत असतानासुद्धा?” “शाळा सुटल्यावर,” मास्तर म्हणाले आणि मग रंगात आले. “रोज संध्याकाळी घरी यायचो. टेबलाशी बसायचो. पाकीट घ्यायचो, कात्रीनं नीट कापायचो. काचेच्या ग्लासात ओतायचो, वर बर्फ, वर लिंबू. घोट घोट घेत रात्र व्हायची. गोड लागायची हो, सुटायचीच नाही.”

बायका पदर तोंडाला लावून बसल्या. अय्यो, अय्यो, असं चाललेलं. पण पुरुषांच्या बाजूला काहीतरी वेगळंच घडत होतं. समाजाच्या खजिनदारांना एकाएकी खोकला लागला आणि ते रुमालात तोंड खुपसून बाहेर गेले. मागच्या ओळीत दोघं एकमेकांकडं न बघण्याचा जिवापाड प्रयत्न करत होते. आणि माझे अप्पा, महिनोन् महिने ज्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती ते अप्पा, खाली मान घालून हसत होते. खांदे गदगदत होते. मला काही समजेना. एक माणूस भर सभेत स्वतःचं वाटोळं करून घेतोय आणि ह्यांना हसू येतंय? मास्तर बोलता बोलता थांबले. पुन्हा एकदा त्यांची नजर ओळींवरून फिरली आणि जे हसत होते त्यांच्यावर क्षणभर थांबत पुढं गेली. आमच्या अप्पांवर जरा जास्त वेळ.

पुढं फार चर्चा झाली नाही. पिणारा माणूस निघाला होता, तोही कार्यक्रमवालाच. अध्यक्ष म्हणाले, मग चालू दे तुमच्यापुरतं, आणि सभा संपली.

घरी आल्यावर मी धीर करून विचारलं, “अप्पा, हसलात का?” आणि अप्पा पुन्हा हसायला लागले. “कात्री,” ते म्हणाले. “सारायीचं पाकीट कात्रीनं कापतो म्हणे. वर लिंबू. अगं, दातानं टोक तोडायचं, दुकानासमोर उभ्या उभ्याच तोंडात पिळायचं, नाक धरून. जीभ जळते तिनं. गोड कसली? ह्या माणसानं जन्मात थेंब घेतलेला...” एवढं बोलले आणि मागं वळले. अम्मा दारात उभी होती. आमच्या घरात त्या दिवसापर्यंत सारायी हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, आणि आज अप्पांनी स्वतः, दातासकट, सगळं सांगून टाकलं होतं. अक्का म्हणाली, “मग खोटं कशाला बोलले ते?” अप्पा हात धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सायकल दारात. मास्तर रस्त्यावरूनच ओरडले, “अप्पा, भाषणात माझं काही चुकलं असलं तर रविवारी येऊन दुरुस्त करा.” अप्पा खोलीतून बाहेर आले नाहीत.

ते खोटं मास्तरांना काय भावात पडलं ते दसऱ्याला दिसलं. अंबाभवानीची पालखी निघते तेव्हा पुढं लेझीमवाली पोरं असतात आणि त्यांच्यापुढं शिट्टी वाजवत मास्तर. मी कळायला लागल्यापासून हेच बघत आले होते. पांढरी पँट, पांढरे बूट, आणि ती शिट्टी वाजली की पोरांची पावलं एकदम पडायची. त्या वर्षी अध्यक्षांनी शिट्टी आपल्या पुतण्याला दिली. देवीपुढं पिणारा माणूस नको, म्हणाले. मास्तर पालखीच्या सगळ्यांत मागं, बायकांच्याही मागं, हातात सायकल धरून चालत होते. पुढं पोरांची पावलं चुकत होती. प्रत्येक चुकीला मास्तरांची मान आपोआप हलायची. एका बाईनं आपल्या पोराला त्यांच्या जवळून ओढून घेतलं, त्याच पोराच्या बापाला मास्तरांनी पोहायला शिकवलं होतं. अप्पा आमच्या ओट्यावरून बघत होते. त्या दिवशी होळिगे, म्हणजे पुरणपोळी केली होती, अप्पांनी पानाला हात लावला नाही. संध्याकाळी मात्र बाहेर जाऊन आले. मी इतकी चिडले होते, की त्यांची छाती बघायलाही गेले नाही. मग अर्ध्या तासानं गेलेच.

आणि मग जवळच्या आनेकल गावचं स्थळ आलं. आमच्यासारखीच जुनी मराठी माणसं, मुलगा तिकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, घरचं शेत, हुंडा नको. अम्मानं देव पाण्यात ठेवले. रविवारी दुपारी पाहुणे येणार होते. सकाळपासून ती अप्पांच्या मागं मागं. आज नको, हात जोडते, फक्त आज नको. आणि लगेच स्वतःच म्हणायची, पण घेतली नाही तर हात थरथरतील, मग? शेवटी असं ठरलं की अप्पांनी हात उपरण्याखाली ठेवायचे, काही धरायचं नाही, काही ओतायचं नाही.

पाहुणे आले. मुलाचे आईवडील आणि मुलगा. मुलगा दिसायला चांगला, खाली बघणारा. आई अबोल. बोलायचं काम वडिलांकडं. अक्का आत कॉफीचा ट्रे भरत होती. मी दाराआडून अप्पांच्या उपरण्याकडं बघत होते, ते हलत होतं. सगळं छान चाललेलं, तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, “एक विचारायचं होतं. तुमच्या गल्लीत एक मास्तर आहे म्हणे, बेवडा. भर सभेत कबूल झाला. त्याची सायकल तुमच्या दारात असते, असं आम्हाला बाजारात सांगितलं. आम्ही मर्यादेवाली माणसं. तुमचा त्याचा काय संबंध?”

“काही नाही,” अम्मा पटकन म्हणाली. “काहीच नाही. तो कुठंही सायकल लावतो. वेडा आहे. आम्ही त्याला दारात पण उभं करत नाही.”

मुलाच्या वडिलांनी मान डोलावली. “सरी. मग काही हरकत नाही.” झालं होतं. स्थळ जमलं होतं. अप्पांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात अप्पांचा हात धरणारा अख्ख्या शिवाजीनगरात नव्हता.

अप्पांनी उपरणं बाजूला केलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, थरथरणारे, सगळ्यांना दिसतील असे. म्हणाले, “संबंध आहे. तो माणूस पीत नाही. त्यानं कधीच घेतलेली नाही, सारायीचं पाकीट कसं उघडतात ते पण त्याला माहीत नाही. तो खोटं बोलला. मी पितो. माझं नाव बाहेर येऊ नये म्हणून तो बोलला.”

अक्का ट्रे घेऊन दारात उभी, आत यावं की जावं, काही कळेना तिला. मला फक्त एवढंच वाटत होतं की संपलं. अक्काचं संपलं, अम्माचं संपलं, आणि अप्पांनी हे कुणासाठी केलं, तर त्या शिट्टीवाल्या माणसासाठी. मुलाचे वडील उठून उभे राहिले. चपलांकडं वळले सुद्धा. पण मुलाची आई उठली नाही. तिनं अप्पांच्या हातांकडं बघितलं, मग पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“तो मास्तर आनेकलला येईल का?”

“अगं ए,” तिचा नवरा म्हणाला. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

“कुणासाठी?” हे अक्कानं विचारलं. ट्रे तसाच हातात, आवाज अगदी साधा.

बाईनं मुलाकडं बघितलं. मुलगा आधीपासूनच खाली बघत होता. “सगळे म्हणाले लग्न केलं की सुटेल,” बाई म्हणाली. “बायको आली की सुटतेच, असं म्हणाले. माझ्या नवऱ्याच्या भावाचं पण असंच लग्न केलं होतं आम्ही.” आणि तिला रडू फुटलं. पुढं त्या भावाच्या बायकोचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

मी अक्काकडं बघितलं. एवढे दिवस आम्ही अप्पांना झाकत होतो ते हिला ह्या घरात द्यायला. अप्पा आणखी एक दिवस गप्प बसले असते तर दिलंही असतं, वाजतगाजत.

अप्पा उठले. त्या मुलाजवळ गेले. “रोज?” त्यांनी विचारलं. मुलानं मान हलवली. “सकाळी पण?” त्यानं पुन्हा मान हलवली. अप्पांनी घड्याळाकडं बघितलं, पाचला थोडा वेळ होता. “चल,” ते म्हणाले. “मी पण अजून कधी गेलो नाही. एकट्यानं जायची मला भीती वाटते.”

दारू त्या दिवशी सुटली असं नाही. अप्पांनी नंतर सोडली, पुन्हा धरली, मास्तरांनी त्यांना दोनदा सायकलवर घालून दवाखान्यात नेलं, आणि शेवटी कधीतरी ती सुटली ती सुटलीच. अक्काचं लग्न पुढं दुसरीकडं, जयनगरला झालं. त्या रविवारी मात्र कुणालाच काही माहीत नव्हतं. अप्पा आणि तो मुलगा फाटकातून बाहेर पडले. मागचा दरवाजा सोडून देवळाच्या बाजूनं, पुढच्या रस्त्यानं निघाले, उन्हात. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून भरायला लागल्या. मला वाटलं अम्मा दार लावून घेईल, मी लावायला पुढं सुद्धा झाले. पण अम्मा डोळे पुसून दारात जाऊन उभी राहिली. समोरच्या ओट्यावर अध्यक्षांची बायको फुलं माळत बसली होती. तिनं मान वर केली.

“काय हो, पाहुण्यांना घेऊन कुठं निघाले हे?”

अम्माच्या हाताला मी हात लावला. तिनं माझा हात बाजूला केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “मास्तरांच्या कार्यक्रमाला. आमचे हे पितात.”